विमानतळाजवळ हौशी ड्रोन : ‘किती किलोमीटर दूर’ एवढे विचारणे पुरेसे आहे का?

रानपाखरू (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २४९ ग्रॅम वजनाचे, कॅमेरा असलेले एक छोटे ड्रोन आहे आणि ते मी केवळ हौसेखातर, निसर्गाची छायाचित्रे काढण्यासाठी उडवतो. पुढे परदेशी प्रवासातही ते बरोबर नेण्याचा विचार असल्यामुळे मी निरनिराळ्या देशांचे नियम वाचायला घेतले. विमानतळापासून किती अंतर राखावे, या एकाच मुद्द्यावर इतके वेगवेगळे आकडे सापडले की वाचण्याआधी जेवढे कळत होते तेवढेही आता कळेनासे झाले आहे. ऑस्ट्रेलियात ५.५ किलोमीटर, कॅनडात ५.६, भारतात ८ आणि १२, ब्रिटनमध्ये सागरी मैलांत मोजलेले वर्तुळ आणि त्याला जोडलेले आयत. अमेरिकेत तर पूर्वी ५ मैलांचा नियम होता आणि तो आता रद्द झाला आहे. विमाने सगळीकडे सारखीच उतरतात, मग आकड्यांत एवढी तफावत कशासाठी?

आणखी तीन शंका आहेत. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलके असेल तर हे नियम लागूच होत नाहीत, असे अनेक जण ठामपणे सांगतात. ते कितपत खरे आहे? जिथे हवाई वाहतूक नियंत्रणाचा टॉवर नाही आणि एखादे छोटे विमान अधूनमधून येते, अशा धावपट्टीलाही विमानतळाचेच नियम लावायचे का? आणि ड्रोनच्या ॲपने उड्डाण अडवले नाही, तर तिथे उडवायला हरकत नाही असे समजावे का?

उतरणरेषा

पहिल्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहितो, कारण ते नीट कळले की उरलेले बरेचसे आपोआप उलगडते.

मोठ्या विमानतळांवर विमाने साधारणपणे ३ अंशांच्या कोनात उतरतात आणि धावपट्टीच्या आरंभीच्या कडेवरून जाताना जमिनीपासून सुमारे १५ मीटर उंचीवर असतात. या कोनात दर किलोमीटरला ५२ मीटर उंची कमी होते. म्हणजे धावपट्टीच्या कडेपासून १ किलोमीटरवर विमान सुमारे ६७ मीटर उंचीवर असते, २ किलोमीटरवर १२० मीटरवर, तर ५ किलोमीटरवर २७७ मीटरवर. आता हौशी ड्रोनसाठी बहुतेक देशांनी घालून दिलेली कमाल उंची पाहा : १२० मीटर, अर्थात ४०० फूट. धावपट्टीच्या सरळ रेषेत, २ किलोमीटरच्या आत, उंचीची मर्यादा काटेकोरपणे पाळणारे ड्रोन आणि नेमक्या मार्गाने उतरणारे विमान, दोघेही आपापल्या जागी बरोबर असूनही, एकाच उंचीवर समोरासमोर येऊ शकतात. त्याच रेषेत ५ किलोमीटरवर दोघांमध्ये दीडशे मीटरहून अधिक मोकळी जागा राहते. धावपट्टीला काटकोन करून बाजूला २ किलोमीटर गेलात, तर तिथे ते उतरणारे विमान बहुधा येणारही नाही.

थोडक्यात, धोक्याचा खरा आकार लांबट आहे, पण नकाशावर वर्तुळ काढणे सोपे, ते लोकांना समजावणेही सोपे आणि तपासणेही सोपे. कोणत्या देशाने सोपेपणाला किती झुकते माप दिले, यावर त्याचा आकडा ठरला आहे.

ब्रिटनने हा लांबट आकार नियमातच आणला. तेथे आधी विमानतळाच्या हद्दीपासून १ किलोमीटर एवढाच निर्बंध होता. मार्च २०१९पासून धावपट्टीच्या लांबीनुसार २ किंवा २.५ सागरी मैल त्रिज्येचे, २,००० फूट उंचीपर्यंतचे वर्तुळ आणि प्रत्येक धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून बाहेर जाणारा ५ किलोमीटर लांब व १ किलोमीटर रुंद पट्टा, असे क्षेत्र ठरवण्यात आले. वर्तुळाचे केंद्र सर्वांत लांब धावपट्टीच्या मध्यावर असते. भारतात याउलट ८ आणि १२ किलोमीटर ही अंतरे विमानतळाच्या हद्दीपासून मोजायची असतात. विस्तीर्ण विमानतळ असेल तर या एका फरकाने नकाशावरची रेषा बरीच सरकते. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर, म्हणजे २०० फुटांपर्यंत, परवानगी लागत नाही आणि त्यावर हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. त्याहून जवळ नकाशात पिवळा (नियंत्रकांची परवानगी हवी) किंवा लाल (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मनाई) रंग दिसतो. या नियमांपूर्वी पिवळे क्षेत्र ४५ किलोमीटरपर्यंत पसरलेले होते, हे सांगितले तर आजच्या अनेक नव्या ड्रोनधारकांना पटत नाही.

अमेरिकेने अंतर ही कल्पनाच सोडून दिली. २०१२च्या कायद्यात हौशी मंडळींनी ५ मैलांच्या आत उडवण्यापूर्वी विमानतळाला आणि टॉवरला कळवावे, अशी तरतूद होती. २०१८च्या कायद्याने ती काढून टाकली, आणि आता ती जागा नियंत्रित, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांच्या ताब्यातील, आहे की अनियंत्रित, एवढेच पाहिले जाते. नियंत्रित क्षेत्राचे नकाशावर चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येक चौकोनात किती फुटांपर्यंत परवानगी लगेच मिळू शकते, हे लिहिलेले असते; धावपट्टीच्या तोंडाशी हा आकडा शून्य असतो आणि बाजूला सरकत गेल्यास तो वाढतो. ही परवानगी ‘लान्स’ नावाच्या प्रणालीतून बहुधा काही क्षणांत मिळते. परिणामी एखाद्या मोठ्या विमानतळापासून ८ किलोमीटरवरही परवानगी लागू शकते, आणि टॉवर नसलेल्या छोट्या धावपट्टीपासून ३ किलोमीटरवर ती लागणारही नाही.

तेव्हा हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. ते एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीत. कुठेही गेलात तरी आधी विचारा की ज्या हवेत ड्रोन जाणार आहे ती कोणाच्या ताब्यात आहे आणि किती उंचीपासून. किलोमीटरचा प्रश्न त्यानंतरचा.

वजनकाटा

२५० ग्रॅमच्या प्रश्नावर लिहितो, कारण या विषयातील सर्वांत टिकाऊ गैरसमज हाच असावा.

वजन कमी असल्याने जी सूट मिळते ती बहुतेक ठिकाणी कागदपत्रांची असते. अमेरिकेत केवळ हौसेसाठी उडवल्या जाणाऱ्या २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनची नोंदणी करावी लागत नाही, पण नियंत्रित क्षेत्रातील परवानगी त्यालाही चुकत नाही. भारतात २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात मोडते आणि ते चालवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, मात्र हिरव्या, पिवळ्या व लाल क्षेत्रांचा नकाशा त्यालाही जसाच्या तसा लागू असतो. ब्रिटनमधील विमानतळाभोवतीचे क्षेत्र तर ड्रोनचे वजन विचारतच नाही.

अपवाद आहेत, आणि गैरसमज तिथूनच पसरत असावा. ऑस्ट्रेलियात टॉवर असलेल्या विमानतळापासून ५.५ किलोमीटर दूर राहण्याचा नियम २५० ग्रॅमहून जड ड्रोनसाठी आहे. हलके ड्रोन त्या आतही उडवता येते, पण धावपट्टीवर आणि विमानांच्या येण्या-जाण्याच्या मार्गात नाही. कॅनडातही २५० ग्रॅमखालच्या ड्रोनला ते ५.६ किलोमीटरचे अंतर बंधनकारक नाही, पण विमानाला किंवा माणसाला धोका होईल अशा रीतीने उडवण्याची मुभा कोणत्याही वजनाला नाही. या दोन देशांतील एखाद्याची चित्रफीत पाहून तिसऱ्या देशातील माणूस ‘हलक्याला सगळे माफ’ असा निष्कर्ष काढतो.

शिवाय वजन मोजायचे ते उड्डाणाच्या वेळचे. पंख्यांभोवतीचे संरक्षक कडे, भिंगावरचा फिल्टर किंवा जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी, यांपैकी काहीही लावले की २४९ ग्रॅमचे ड्रोन त्या वर्गातून बाहेर पडते. रानपाखरू, तुमच्याकडे एकाच ग्रॅमची शिल्लक आहे, हे ध्यानात असू द्या.

आता हलके ड्रोन विमानाचे काय बिघडवणार, हा पुढचा युक्तिवाद. अमेरिकेतील विद्यापीठांच्या ‘ॲश्युअर’ या गटाने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेवढ्याच वजनाच्या पक्ष्यापेक्षा ड्रोनच्या धडकेने विमानाचे अधिक नुकसान होते, असे आढळले. पक्ष्याचे शरीर आघाताने पसरते. ड्रोनमधील मोटर, बॅटरी आणि कॅमेरा हे कठीण गोळे एका जागी आदळतात. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसजवळ वणवा विझवणाऱ्या एका विमानाच्या डाव्या पंखाला एका छोट्या हौशी ड्रोनने सुमारे ३ इंच बाय ६ इंचांचे भोक पाडले आणि ते विमान ऐन वणव्यात काही दिवस जमिनीवर राहिले. ड्रोन उडवणाऱ्याने ते २ किलोमीटरहून अधिक दूर नेले होते आणि ते त्याच्या नजरेआड झाले होते. तिथे विमानतळ जवळ असण्याचा संबंध नव्हता. वणव्यामुळे तात्पुरता निर्बंध लागू होता. असे तात्पुरते निर्बंध कोणत्याही वर्तुळाच्या नकाशात सापडत नाहीत.

सर्किट

मी छोट्या विमानांच्या प्रशिक्षणाशी संबंधित आहे, म्हणून टॉवर नसलेल्या धावपट्टीबद्दल लिहितो. उतरणरेषा यांच्या एका विधानाशी मी सहमत नाही.

त्यांचे गणित मोठ्या विमानतळासाठी बिनचूक आहे, पण छोट्या धावपट्टीवर धोका लांबट पट्ट्यात राहत नाही. तिथे शिकाऊ वैमानिक धावपट्टीभोवती आयताकृती फेऱ्या मारत असतात, ज्यांना आम्ही सर्किट म्हणतो. सर्किटची उंची सहसा जमिनीपासून १,००० फूट असते आणि एरवी तिथपर्यंत ड्रोन पोहोचत नाही, हे खरे. मात्र इंजिन बंद पडल्याचा सराव करताना तेच विमान भलत्याच बाजूने, तीव्र उताराने, शेतावरून बरेच खाली येते. ग्लायडरला इंजिनच नसते. समोर काही दिसले म्हणून पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्याची सोय त्याला नाही. हेलिकॉप्टर धावपट्टीची रेषा मानत नाही, आणि पॅराशूटने उतरणाऱ्या माणसाला बाजूला सरकायला फारसा वाव नसतो. तेव्हा ‘बाजूला २ किलोमीटरवर विमान बहुधा येणारही नाही’ हे वाक्य छोट्या धावपट्टीच्या संदर्भात मी तरी लिहिले नसते.

‘विमान आले तर वैमानिकाला ड्रोन दिसेलच’ अशीही अनेकांची समजूत असते. ऑगस्ट २०२१मध्ये टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर उतरणाऱ्या सेसना १७२ विमानाची पोलिसांच्या ड्रोनशी टक्कर झाली. ड्रोन ४०० फुटांवर एका जागी स्थिर होते, ते चालवणारे हौशी नव्हते, आणि विमानात प्रशिक्षक व विद्यार्थी असे दोघे बसलेले होते. पक्षी आदळला असावा, असे समजून त्यांनी विमान सुखरूप उतरवले. एका जागी थांबलेली छोटी वस्तू समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना हलताना दिसत नाही आणि न हलणारी वस्तू नजर टिपत नाही. बाजू देण्याची जबाबदारी ड्रोनवाल्यावर टाकली आहे ती यामुळेच.

नियमांच्या दृष्टीने पाहिले तर ऑस्ट्रेलियात टॉवर नसलेल्या धावपट्टीच्या ५.५ किलोमीटरच्या आतही ड्रोन उडवता येते, पण विमान जवळ असल्याचे कळताच दूर होऊन लवकरात लवकर खाली उतरवावे लागते. अमेरिकेतील अनियंत्रित क्षेत्रातही परवानगी नको असली तरी बाजू देणे सक्तीचे आहे. ब्रिटनमध्ये मात्र संरक्षित यादीतील धावपट्टी छोटी असली तरी तिच्या चालकाची परवानगी घ्यावीच लागते. धावपट्टी ओसाड दिसते, यावरून काहीही ठरत नाही. ती वापरात आहे की बंद, हे अधिकृत नकाशावरून आणि त्या दिवशीच्या नोटॅमवरून, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांवरून, कळते.

माझा सल्ला साधा आहे : धावपट्टीच्या चालकाला दूरध्वनी करावा. त्या दिवशी कोणत्या बाजूने सर्किट चालू आहे, ग्लायडर किंवा पॅराशूटचा कार्यक्रम आहे का, एवढे विचारले की बहुतेक ठिकाणी मोकळेपणाने माहिती मिळते. विमानांचा रेडिओ ऐकण्याची कल्पना काही जण सुचवतात, पण ब्रिटनसारख्या देशांत सर्वसामान्यांनी तो ऐकणेही कायद्याला धरून नाही, आणि परवान्याशिवाय त्यावर बोलण्याचा तर विचारही करू नये. फोनवर विमाने दाखवणाऱ्या ॲपवरही विसंबू नका. ती एडीएस-बी, म्हणजे विमाने स्वतःची जागा कळवण्यासाठी पाठवतात त्या, संकेतांवर चालतात आणि अनेक ग्लायडर व जुनी छोटी विमाने ते संकेत पाठवतच नाहीत.

उतरणरेषा

सर्किट यांचा आक्षेप मान्य आहे. माझे विधान मोठ्या, टॉवर असलेल्या विमानतळापुरते समजावे.

खटपट्या

ॲपने अडवले नाही म्हणजे परवानगी आहे का, याचे उत्तर : नाही, आणि हल्ली तर अजिबात नाही. डीजेआय या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने विमानतळाभोवती ड्रोनला उडूच न देणारी आपली व्यवस्था आधी युरोपात २०२४मध्ये आणि नंतर जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत काढून टाकली. आता तिथे इशारा येतो, तो आपण बाजूला सारू शकतो आणि ड्रोन उडते. जुन्या चित्रफितींत ‘विमानतळाजवळ ते सुरूच होत नाही’ असे सांगितलेले असते, ते या देशांत आता खरे नाही. उलटही घडते : काही ठिकाणी कायद्याने मुभा असूनही यंत्र अडून बसते, कारण कंपनीचा नकाशा आणि सरकारचा नकाशा हे दोन वेगळे दस्तऐवज आहेत.

विमानतळ आणि ड्रोन म्हटले की सगळे जण डिसेंबर २०१८मधील लंडनच्या गॅटविक विमानतळाची आठवण काढतात. तेथे ड्रोन दिसल्याच्या बातम्यांमुळे सुमारे हजार उड्डाणे आणि १ लाख ४० हजार प्रवासी अडकले आणि ते कोणी केले हे कधीच निश्चित झाले नाही. हौशी माणसाने त्यातून शिकावे असे मला फारसे दिसत नाही. माझ्या मते सप्टेंबर २०१७मधील न्यूयॉर्कजवळची घटना अभ्यासण्यासारखी आहे. तेथे लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची एका हौशी फँटम ४ ड्रोनशी सुमारे ३०० फुटांवर टक्कर झाली. ड्रोन उडवणारा अडीच मैल दूर होता, ड्रोन त्याला दिसत नव्हते आणि हवाई क्षेत्राच्या माहितीसाठी तो केवळ ड्रोनच्या ॲपवर विसंबून होता. त्या दिवशी लागू असलेला तात्पुरता निर्बंध त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. उंची मात्र मर्यादेच्या आतच होती. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले.

रानपाखरू

सर्वांचे आभार. ज्या जागेचा मी विचार करतो आहे ती टॉवर नसलेल्या धावपट्टीपासून जरा दूर, पण तिच्यापेक्षा सुमारे ८० मीटर उंच टेकडीवर आहे. अशा वेळी उंची कुठून मोजायची? पडद्यावर दिसणारा आकडा ग्राह्य धरावा का? आणि अचानक विमानाचा आवाज आला तर नेमके काय करावे?

खटपट्या

पडद्यावरचा आकडा बहुतेक ड्रोनमध्ये तुम्ही जिथून उड्डाण केले त्या जागेपासूनची उंची दाखवतो, तर नियम ड्रोनच्या खालच्या जमिनीपासूनची उंची विचारतो. टेकडीवरून ६० मीटर वर नेऊन ड्रोन दरीवर सरकवले की पडद्यावर ६०च राहते, पण खालच्या जमिनीपासून ते १४० मीटरवर असते आणि मर्यादा ओलांडलेली असते. युरोपीय महासंघाच्या नियमात जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून १२० मीटर, असे शब्द आहेत. त्यामुळे उताराला धरून उडणाऱ्याला तिथे थोडी सवलत मिळते. इतरत्र ती गृहीत धरू नये.

उतरणरेषा

याला वैमानिकाच्या बाजूची एक पुस्ती जोडतो. त्याच्या दृष्टीने उंची धावपट्टीच्या पातळीपासूनची असते. तुमच्या डोक्यावर फक्त ४० मीटरवर असलेले ड्रोन त्याच्या हिशेबाने १२० मीटरवर आहे, म्हणजे वरच्या गणिताप्रमाणे २ किलोमीटरवर असलेल्या विमानाच्या बरोबर उंचीचे. टेकडीवरून उडवणे नियमबाह्य नाही, पण टेकडीने विमानाशी असलेले अंतर तुमच्या नकळत आधीच ८० मीटरने खाल्ले आहे.

सर्किट

आवाज आला की काय करायचे, ते सांगतो. लहान विमान उतरताना साधारण ६५ नॉट वेगाने येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. छोटी ड्रोन सेकंदाला ३ ते ५ मीटर या वेगाने खाली येतात. १२० मीटरवरून जमिनीवर यायला त्यांना २४ ते ४० सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान ८०० ते १,३०० मीटर कापते. त्याच ड्रोनची उंची ४० मीटर असेल तर ८ ते १३ सेकंद पुरतात. त्यामुळे अशा जागी परवानगी १२० मीटरची असली तरी मी ३०-४० मीटरच्या वर नेणार नाही, आणि शक्य असल्यास आकाशाकडे लक्ष ठेवायला दुसरी व्यक्ती बरोबर घेईन; पडद्याकडे पाहणाऱ्याला विमान उशिरा दिसते.

आवाज येताच विमान शोधत बसू नका. ड्रोन आहे त्या जागीच सरळ खाली घ्या, आणि खाली माणसे किंवा पाणी असेल तरच आधी बाजूला सरकवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा : घाबरून ‘रिटर्न टू होम’चे बटण दाबू नका. ड्रोन दूर असेल तर हे बटण दाबताच ते आधी ठरवून ठेवलेल्या उंचीपर्यंत वर चढते आणि मग परत फिरते. संपर्क तुटला तरीही बहुधा तेच घडते, म्हणून उड्डाणापूर्वी ती उंची तपासून आसपासच्या झाडांच्या व तारांच्या जेमतेम वर राहील एवढीच ठेवा. तुम्ही ज्या मर्यादेत उडवणार आहात, तिच्या वर ती कधीही नसावी.